म्हातारीला ‘ये’ कोण म्हणालं

१० जानेवारी १९९८, शनिवार. रक्कम सव्वा रुपया. हजर चौघे: टोकावड्याच्या अलीकडच्या ढाब्याचा मालक, त्याचा भट्टीवरचा माणूस, मी, आणि जिच्यासाठी पैसे दिले ती कुत्री.

सव्वा रुपया ढाबेवाल्याने मागून घेतला. “फुकट नेव नका दादा,” तो म्हणाला. “फुकट नेलेलं जनावर मागं पळून येतं. सव्वा रुपाया ठेवा हातावर, म्हंजे ती तुमची झाली.” माझ्याकडे रुपयाचं नाणं होतं. वरचे चार आणे भट्टीवाल्याने दिले, ते मी त्याला सोमवारी परत केले.

मुरबाडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत असे. घर वैशाखऱ्याच्या बाजूला, घाटाच्या हमरस्त्याला लागूनच. दिवाळीपासून मी तिला एसटीच्या खिडकीतून बघत होतो. ढाब्यापुढे मैलाचा दगड आहे, त्याच्याशेजारी ती घाटाकडे तोंड करून बसलेली असायची. गावठी नव्हती. तपकिरी, लांब कानांची, मानेला चामड्याचा पट्टा. सकाळी जाताना तिथे, संध्याकाळी येताना तिथेच. पांढरी मोटार आली की उठून उभी राहायची, मोटार गेली की बसायची. दुसऱ्या रंगाच्या गाडीला उठत नसे. हे लक्षात आल्यावर त्या वळणावर खिडकीबाहेर न बघता बसणं मला जमेना. डिसेंबरात एका ट्रकने तिच्या मागच्या पायाला धक्का दिला. त्यानंतर ती तीन पायांवर उठू लागली, पण उठायची.

त्या शनिवारी मी उतरलो, चहा घेतला आणि विचारलं.

“मुंबईकडची मान्सं होती,” ढाबेवाला म्हणाला. “नवरा-बायको आनि ही. कांदाभजी खाल्ली, च्या पिली. बाईनं हिला पान्याचं भांडं भरून दिलं, डोक्यावरनं हात फिरवला, ‘येते हां’ बोलली, नि गाडीत बसली. मला वाटलं, धबधबा बघून येतील मागारी.”

“दिवाळीत कुठला रे धबधबा?” भट्टीवाला म्हणाला.

“ते मला मागाहून सुचलं.”

घरी जायला माणसं भरून नेणारी जीप थांबवली, तिच्या ड्रायव्हरने कुत्रीला मागच्या फळीवर घेतलं. “हिची शीट नाय लावत,” तो म्हणाला, “ही मधे बसून डुलक्या काढत पडत नाय कुनाच्या अंगावर.” सगळी जीप हसली. ती मात्र सबंध वाटभर मागे सरकत जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होती.

घरी बायको आणि आई. मुलीचं लग्न होऊन ती शहापूरला गेली होती. बायकोने पायाची जखम बघितली आणि हळद आणायला आत गेली. आई ओटीवरून म्हणाली, “ही तर म्हातारी हाय रे! तोंड पांढरं झालंय. घरात एक म्हातारी हाय ती पुरत नाय तुला?”

म्हणून तिचं नाव म्हातारी पडलं. त्याचा त्रास आईलाच झाला. “म्हातारीला भाकरी घातली का?”, “म्हातारी कुठे उलथली?”, “म्हातारीला आज आंघोळ घालायची आहे”, अशी वाक्यं घरात सुरू झाली, आणि आई प्रत्येक वेळी विचारी, “कुठली?”

मुरबाडच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मुख्यतः बैल-म्हशींचे. त्यांनी दात बघून वय आठ-नऊ सांगितलं. रेशन दुकानाच्या काट्यावर तिचं वजन एकोणीस किलो भरलं. दुकानदार म्हणाला, “एवढी साखर दिली अस्ती तर बायको खूष झाली अस्ती.”

सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे उंबऱ्यातून “येतो गं” म्हणून निघालो. कोपऱ्यात पोत्यावर पडलेली म्हातारी एकदम उठली. कान वर. लंगडत माझ्यामागे एसटीच्या थांब्यापर्यंत आली आणि गाडी सुटताना तिथे मातीत बसली. मला वाटलं, जाईल परत. संध्याकाळी उतरलो तर ती त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून.

“दिवसभर हलली नाही,” बायको म्हणाली. “भाकरी नेली तर तोंड फिरवलं. पाणी नेलं तर भांड्याकडे अशी बघायला लागली, की मीच घाबरले. ते भांडं काढून घेतलं तेव्हा कुठे शांत झाली.”

तेव्हा मला ढाबेवाल्याचं बोलणं आठवलं. पाण्याचं भांडं, डोक्यावरून हात, आणि तो शब्द.

आता आपल्याकडची अडचण बघा. निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. जाणारा ‘येतो’ म्हणतो, राहणारा ‘ये’ म्हणतो. विम्याचा एजंटही ‘येतो’ म्हणतो आणि पाहुणाही. त्या शब्दाचा कोणी हिशेब ठेवत नाही. म्हातारी ठेवायची. आमच्या घरातून जो कोणी ‘येतो’ म्हणून बाहेर पडे, त्याला ती रस्त्यापर्यंत पोचवायची आणि तो परत येईपर्यंत तिथे बसायची. माझा एक लांबचा मेहुणा पायलीभर तांदूळ घेऊन ‘येतो’ म्हणून गेला, त्याच्यासाठी ती दोन दिवस बसली. कोणाकडून तरी त्याला ते कळलं. तिसऱ्या दिवशी तो ओशाळून आला, तिच्यापुढे उभा राहून म्हणाला, “आलो गो बाय, आलो, सोड आता,” आणि चहा पिऊन पुन्हा जायला निघाला. “काय बोलू आता?” त्याने विचारलं. कोणाला सांगता येईना. शेवटी बायकोने त्याला मागच्या दाराने घालवलं.

मी ‘जातो’ म्हणून बघितलं. आई जेवत होती, तिने हातातला घास खाली ठेवला. “परत बोललास ना, तर तंगडं मोडीन.”

“मग चाललो म्हणू?”

“चाललो? कुठं चाललास कायमचा?”

काही दिवस मी नुसतं “बरं” म्हणून निघत असे. ते बरं वाटेना. शब्द न बोलता घराबाहेर पडायचं म्हणजे चोरासारखं वाटतं. मग मी सरळ विचार केला. शब्द बदलता येत नाही, तर शब्द खरा करावा. मी रोज सकाळी तिच्यासमोर ‘येतो’ म्हणायचं आणि रोज संध्याकाळच्या गाडीने यायचं. चुकायचं नाही.

मी चुकलो नाही. कारखान्यात साहेबांनी रात्रपाळीचा भत्ता देऊ केला, घेतला नाही. शहापूरला मुलीच्या नव्या घराची घरभरणी होती. जेवणं उरकली आणि मी पिशवी उचलली. “बाबा, एक रात्र राहा की,” मुलगी म्हणाली. मी म्हटलं, म्हातारीला येतो सांगून आलोय. जावई हसला, पण त्याच्या आईने ऐकलं ते तिला लागलं. त्यावरून बायको मला नंतर कितीतरी दिवस बोलत होती. “व्याह्यांच्या घरी एक रात्र नाही आणि कुत्रीसाठी किन्हवलीवरून तीन गाड्या बदलल्या. लोक काय म्हणतात ठाऊक आहे? जावयापेक्षा कुत्रीचा मान मोठा.”

वर्षभरात ती सरावली. दिवसा ओटीवर झोपू लागली. संध्याकाळी गाडीची वेळ झाली की उठून थांब्यावर जायची, मी उतरलो की पुढे चालायची आणि दाराच्या खालच्या फळीला खांद्याने दोनदा धक्का द्यायची. धप्प, धप्प. बायको आतून म्हणायची, “कोण आलंय?” आणि दार उघडायची. रोज तेच. बायकोला ठाऊक असे कोण आलंय ते, तरी विचारल्याशिवाय ती दार उघडत नसे.

पण एक सांगायला हवं, नाहीतर हिशेब खोटा होईल. माझ्याबरोबर घरी परत येतानाही हमरस्त्यावरून पांढरी मोटार घाटाकडे गेली, की म्हातारी थांबायची. मोटारीचा आवाज पार विरून जाईपर्यंत थांबायची. मीही थांबायचो. धुकं असलं की घाटाच्या बाजूला काहीच दिसत नसे, नुसता लाल दिवा दिसायचा आणि विझायचा. त्या बाईचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तरी त्या काळात ती मला घरात असल्यासारखी वाटायची. आमच्या घरात तिची वाट बघितली जात होती. मी रोज येत होतो, आणि तरी म्हातारीच्या लेखी अजून कोणीतरी यायचं राहिलेलं होतं.

सहा वर्षं अशी गेली. मग तिच्या डोळ्यांत दूध साकळलं. कान गेले. मागचा पाय पूर्वीच कमजोर होता, त्या पायाचा जोर संपला. थांब्यापर्यंत येणं बंद झालं, अंगणाच्या कडेपर्यंत यायची. नंतर ओटीच्या पायरीपर्यंत. पण कितीही उशीर झाला तरी फळीला धक्का तिने चुकवला नाही. मी आत आलेला असलो तरी ती मागून येऊन, बाहेर उभी राहून धक्का द्यायची आणि बायको “कोण आलंय?” म्हणून पुन्हा दार उघडायची.

२००४ च्या फेब्रुवारीत तिने खाणं सोडलं. पेज घातली तर तोंडातून बाहेर. डॉक्टरांनी मोटारसायकल काढून घरी येऊन बघितलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मी तिला उचलून रेशन दुकानात नेलं, का नेलं कोण जाणे. अकरा किलो. दुकानदार काट्यावर हात ठेवून तिला धरून उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, “ती कण्हत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका. इंजेक्शन द्यायचं तर शांतपणे जाईल. विचार करा.”

विचार आम्ही तिघांनी ओटीवर बसून केला. बायकोला ते पटत नव्हतं. “आपल्या हाताने?” एवढंच ती म्हणत राहिली.

“जीव अडकलाय तिचा,” आई म्हणाली. “त्या भवानीत अडकलाय. माझं ऐक. कुनाची तरी पांढरी गाडी आन, दारात उभी कर. हार्न वाजव. सुटंल ती.”

“आणि उतरणार कोण, आई?”

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं. खोटी गाडी आणायची नाही, हे तिथे न बोलता ठरलं. इंजेक्शन द्यायचं, हेही तिथेच ठरलं.

मला काळजी एकच होती. तिला एकदा शब्द देऊन फसवलं होतं, आता शेवटी पुन्हा तसं व्हायला नको. ‘येतो’ म्हणायचं नाही, कारण मी तिच्याबरोबर जाणार नव्हतो आणि ती जिथे जाणार तिथे येण्याची माझी तारीख मला ठाऊक नव्हती. ‘जा’ म्हणणं तर कोणाच्या तोंडून निघणार नव्हतं. म्हणून मी दोघींना बजावलं, कोणी काही बोलायचं नाही. हात फिरवायचा, पण बोलायचं नाही. आणि पाण्याचं भांडं समोर ठेवायचं नाही.

“अरे बहिरी ती, तिला काय ऐकू येतंय,” आई म्हणाली.

“तरीसुद्धा.”

डॉक्टर दवाखाना आटपून दुपारी आले. आत उजेड कमी, म्हणून म्हणाले, अंगणात घ्या. मी आणि डॉक्टरांनी पोत्याची दोन-दोन टोकं धरली. आई ओटीवर बसून राहिली, तिने तोंडावर पदर घट्ट धरला होता, बोलायचं नाही म्हणून. बायको दारात उभी. आम्ही उंबरा ओलांडला.

आणि मागून बायको म्हणाली, “ये हां.”

कोणीही दारातून निघालं की ती म्हणायची तसंच. मुलगी सासरी निघाली तेव्हा म्हणाली होती तसं, दूधवाल्याला रोज म्हणते तसं. म्हणून झाल्यावर तिलाच कळलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. मी थांबलो. डॉक्टर थांबले. पोत्यावर म्हातारीचे कान उचलले. बहिरे कान. शेपटी पोत्यावर एकदा आपटली.

पुढचं लवकर झालं. मी तिच्या मानेखाली हात ठेवला होता. डॉक्टरांनी औषधाचे दीडशे घेतले, येण्याचे घेतले नाहीत. निघताना गाडीला किक मारून त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मर्तिकाच्या घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणत नाही. त्यांनी तो रिवाज आमच्या कुत्रीसाठी पाळला. तिला शेताच्या वरच्या बांधाला पुरलं. खड्डा मीच काढला.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी मी गाडीतून उतरून घरी आलो, हातपाय धुतले, चहा घेऊन बसलो. हमरस्त्यावर घाटाकडची दुसरी एसटी वाजली. आणि दाराची खालची फळी वाजली. धप्प, धप्प.

बायको चुलीपुढे होती. “कोण आलंय?” ती सवयीने म्हणाली आणि उठली. अर्ध्या वाटेत तिला आठवलं. तरी जाऊन तिने दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. ती दार धरून उभी राहिली, दोन पावलं बाजूला सरली, कोणाला तरी आत यायला वाट द्यावी तशी, आणि मग दार लावून घेतलं.

मी अशा गोष्टी सहज मानणारा माणूस नाही. स्टोअरमध्ये एक नट कमी भरला तर तो सापडेपर्यंत मी घरी जात नसे. मी उंदीर बघितले, शेजारच्या शेळ्या बघितल्या, रस्त्याचा हादरा बसतो का तेही बघितलं. एकदा गाडीच्या वेळेला मुद्दाम बाहेर अंगणात उभा राहिलो. दार माझ्यासमोर होतं. फळी हलली नाही, आवाज झाला नाही. आतून बायकोचा आवाज आला, “कोण आलंय?” आणि दार उघडलं. मला बघून ती म्हणाली, “तुम्ही वाजवलंत?” मी नाही म्हटलं. नंतर मी तो प्रयोग केला नाही.

आईला झोप येईना. “तू ये बोललीस, ती आली,” ती बायकोला म्हणाली. “तिचा काय दोष? आता तूच तिला जा म्हन. उंबऱ्यात उभी राहून म्हन. नायतर तिला ना हितं ना तिथं.”

दुसऱ्या संध्याकाळी बायको दिवा लावून उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मी आणि आई आत. बराच वेळ गेला. अंधार अंगणापर्यंत आला. ती परत आत आली आणि भाकरी थापायला बसली.

“बोललीस?” आईने विचारलं.

“नाही.”

“का गो?”

“सहा वर्षं सगळे तिला येतो येतो करून गेले,” बायको म्हणाली. तिचे हात पिठात तसेच होते. “तिला ये असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. एकदाच कोणीतरी म्हणालं, ती मी. तेच परत घेऊ?”

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “मग निदान सुताराला बोलाव. फळी ढिली असंल. दोन खिळे मारून घे, म्हंजे माझ्या मनाला बरं.”

ते मला मान्य होतं. ढिली फळी हे कारण मला हवंच होतं. टोकावड्याचा सुतार रविवारी संध्याकाळी सायकलवरून आला. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं, दार वाजतं एवढंच. त्याने बिजागऱ्या हलवून बघितल्या, चौकट ठोकली, खालची फळी गुडघ्याने दाबली, खांद्याने दाबली.

“सागवान हाय दादा. तुमच्यामागं पन्नास वर्सं टिकंल. वाजायला हिच्यात कायच नाय. खिळे मारून लाकूड कशाला फाडता?”

बायकोने त्याला चहा दिला. तो दाराला पाठ करून, चुलीकडे तोंड करून बसला, कानावर पेन्सिल, हत्यारांची पिशवी मांडीशी. त्याच्या पोरीचं लग्न मुरबाडला ठरत होतं, त्याबद्दल बोलत होता. हमरस्त्यावर गाडी वाजली. आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. तो मात्र बशीत चहा ओतत होता. मग त्याचा हात थांबला. त्याने मान वळवून दाराकडे बघितलं.

“वैनी,” तो म्हणाला, “कोन आलंय बघा.”

बायको उठली, दार उघडलं, थोडी बाजूला सरून उभी राहिली आणि दार लावून घेतलं. सुताराने चहा संपवला, बशी पालथी घातली आणि पिशवी उचलली. मी खिशातून पैसे काढले.

“काम केलं नाय, पैसे कसले देता?” तो म्हणाला.

“घे. आलास, त्याचे.”

सुताराला तीस रुपये दिले.